गरब्यानंतरचे पोट : दुखण्याचा हिशेब

नवरात्राची दुसरी किंवा तिसरी सकाळ उजाडली की नांदेडच्या वजिराबादेत काय आणि लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरात काय, अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. आदल्या रात्री मैदानावर वाऱ्यासारखी फिरलेली सून अंथरुणातून उठताना कुशीवर वळते आणि हाताचा आधार घेते. दुकानाचे शटर वर ढकलताना तरुण मुलगा मध्येच थांबून पोट धरतो. हसू आले तरी दुखते, शिंक आली तर डोळ्यांत पाणी उभे राहते. मग घरातील वडीलधाऱ्यांची चौकशी सुरू होते. काल बाहेरचे काय खाल्ले? कोणी ओवा पुढे करतो, कोणी पित्ताची गोळी देतो, तर कोणी बेंबी सरकली असे निदान करून पोट चोळणाऱ्या बाईला बोलावणे पाठवतो.

बहुतेक वेळा यांतले काहीच खरे नसते. पोटाच्या आतील कोणताही अवयव बिघडलेला नसतो. दुखत असते ती पोटावरची स्नायूंची भिंत. हे दुखणे निरुपद्रवी असते आणि आपोआप बरे होते. तथापि त्याच्याशी साम्य असलेली काही दुखणी मात्र निरुपद्रवी नसतात. कोणते दुखणे घरी सोसावे आणि कोणते घेऊन तत्काळ रुग्णालयाची वाट धरावी, हा विवेक प्रत्येक कुटुंबाजवळ असणे अगत्याचे आहे.

पोटाची भिंत कशाची?

पोटाच्या पुढील व बाजूच्या भागात स्नायूंच्या चार प्रमुख जोड्या आहेत. बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंनी उभे उतरणारे सरळ स्नायू ही पहिली जोडी. कुशीवर एकावर एक, परस्परविरुद्ध दिशांनी तिरके पसरलेले बाहेरचे आणि आतले तिरके स्नायू या पुढील दोन जोड्या. सर्वांत आत, कंबरपट्ट्यासारखा वेढा देणारे आडवे स्नायू ही चौथी. पुढे वाकणे हे मुख्यतः सरळ स्नायूंचे काम, कंबरेतून वळणे हे तिरक्यांचे आणि धड स्थिर राखणे हे आडव्यांचे. खोकणे, शिंकणे व मोठ्याने हसणे या क्रियांतही ही सर्व मंडळी भाग घेतात. पोट दुखू लागले की हसणे महाग पडते ते याच कारणाने.

आता गरब्याची हालचाल डोळ्यांसमोर आणावी. टाळीसाठी कंबरेतून खाली वाकणे, लगेच सावरून उभे राहणे, अर्धी गिरकी घेणे, उडी मारून पुन्हा वाकणे. दांडियात तर प्रत्येक ठोक्याला धड एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे पिळले जाते. ताल द्रुत झाला की श्वास रोखून धरला जातो आणि पोट आवळलेलेच राहते. पाहणाऱ्याला नाच हातापायांचा वाटतो. प्रत्यक्षात हातपाय फिरत असताना धड तोलून धरण्याचे कष्ट पोट व कंबर उपसत असतात. एका तासात असे शेकडो हेलकावे होतात.

दुखणे दुसऱ्या दिवशी का येते?

नाचताना काही न जाणवता दुसऱ्या दिवशी दुखावे, याचे अनेकांना नवल वाटते. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते म्हणून दुखते, ही समजूत आजही व्यायामशाळांतून सांगितली जाते. परंतु ती टिकणारी नाही. श्रम थांबल्यावर साधारण तासाभरात हे आम्ल रक्तातून निघून जाते. दुखणे मात्र बारा ते चोवीस तासांनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि पाच-सात दिवसांत मावळते. जे तासाभरात निघून गेले, ते दुसऱ्या दिवशीच्या वेदनेचे कारण कसे ठरावे?

1902 साली थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने उशिरा येणारे हे दुखणे थकव्याहून निराळे असून ते स्नायूंतील सूक्ष्म फाटण्याशी संबंधित असावे, असे मांडले. पुढील संशोधनाने त्याची दिशा बव्हंशी योग्य ठरवली. स्नायूंचे तंतू अतिसूक्ष्म एककांचे बनलेले असतात. अनभ्यस्त श्रमात, विशेषतः स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागला, तर यांतील काही एकके विस्कटतात. शरीर तेथे डागडुजी सुरू करते, सूज येते, जवळच्या मज्जातंतूंची संवेदना वाढते आणि वेदना जाणवते. ही डागडुजी पूर्ण झाली की स्नायू पहिल्यापेक्षा सुदृढ होतो.

ताणला जात असताना जोर लावणे म्हणजे काय, हे यात्रेकरूंना निराळे सांगण्याची गरज नाही. पालिताण्याच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना दम लागतो. पण मांड्या दुखून येतात त्या उतरण्याने. सम्मेद शिखरजीची वंदना करून खाली आलेला यात्रेकरू दुसऱ्या दिवशी धर्मशाळेची चार पावठणीही कठडा धरून उतरतो. उतरताना मांडीचा स्नायू लांबत जातो आणि त्याच वेळी देहाचा भार आवरत असतो. गिरकी घेताना व वाकलेले धड सावरताना पोटाच्या स्नायूंवर नेमकी हीच पाळी येते.

गादीवरचा दिवस, मैदानावरची रात्र

या दुखण्याला मराठवाड्यातील व्यापारी जीवनक्रमाची एक बाजू आहे. शारदीय नवरात्र येते तेच सोयाबीनच्या हंगामाच्या तोंडावर. लातूरच्या आडत बाजारात आणि नांदेडच्या मोंढ्यात याच सुमारास मालाची आवक वाढू लागते. सौदे, काटा, पट्ट्या, हमाली, वाहतूक, उधारीची वसुली यांत दिवस संपतो आणि त्यातला मोठा भाग गादीवर किंवा खुर्चीवर बसून जातो. बसलेल्या अवस्थेत पोटाचे स्नायू जवळजवळ निवृत्तच असतात. अशा देहाला रात्री आठ वाजता एकाएकी मैदानात उतरवले की वर्षभर खात्यात एक रुपयाही न भरता एकदम मोठी उचल घेतल्यासारखे होते. उचल मिळते, परंतु दुसऱ्या सकाळी वसुलीही सुरू होते.

आधीच्या पिढीतील स्त्रियांचे खाते या बाबतीत भरलेले असे. जाते ओढताना धड पुढेमागे व गोल फिरे. विहिरीचे पाणी शेंदताना, घागर कडेवर घेताना, सडा-सारवण करताना पोट व कंबर रोज राबत. पंचमीच्या फुगड्या रात्र रात्र चालत त्या या शिदोरीवर. जाते गेले, मिक्सर आला. रहाट गेला, नळ आला. ही सोय इष्टच आहे. परंतु त्या कामांतून नकळत घडणारा व्यायाम गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही, हे लक्षात घ्यावयास हवे.

गरब्यापुरताच हा विषय मर्यादित नाही. लग्नाच्या संगीतासाठी चार दिवसांत बसवलेले नाच, वरातीतील नाच, वरघोड्यातील ढोलापुढचा उत्साह, शाळेच्या संमेलनातील लेझीम या सर्वांनंतर हेच दुखणे येते आणि त्याचा हिशेबही हाच आहे.

रात्रीचे पाणी आणि उपवास

जैन कुटुंबांत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आश्विनात नांदेड-लातूरकडे सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणारी व्यक्ती त्यापूर्वी जेवण व पाणी आटोपते. गरबा रात्री रंगतो. ध्वनिक्षेपकाची मर्यादा एरवी दहापर्यंत, शासनाने सवलत दिलेल्या दिवशी बारापर्यंत. दोन-तीन तास नाचून घाम गाळल्यावर पुढचे पाणी मिळते ते दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर, आणि नवकारशी असेल तर त्याहूनही अठ्ठेचाळीस मिनिटांनी. म्हणजे घाम जातो, पण त्याची भरपाई बारा-तेरा तास होत नाही. त्यात अनेकदा ऑक्टोबरचा उकाडा असतो.

पाणी कमी पडल्याने पोटाचे स्नायू दुखतात असे नव्हे. पण थकवा लवकर येतो, चक्कर येऊ शकते, मूत्रपिंडांवर ताण पडतो आणि शरीराची डागडुजी सुखाने होत नाही. आश्विन शुक्ल सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपद ओळी असते. तिचे पहिले तीन दिवस नवरात्रातच पडतात. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल व गोड वर्ज्य करून एक वेळ रुक्ष आहार घेतला जातो. त्या बेताच्या आहारावर तीन तासांचे नृत्य उभे करणे शरीराला झेपणारे नाही.

व्रत सोडावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. व्रताच्या दिवशी श्रमाचे मान कमी करावे, एवढाच अर्थ आहे. चौविहार असणाऱ्यांनी दुपारपासून थोडे थोडे करून पुरेसे पाणी पोटात जाऊ द्यावे. सूर्यास्तापूर्वी घाईने तांब्याभर पिण्यात हशील नाही. नाचाचा वेळ तासाभरावर आणावा, द्रुत फेऱ्यांत बाजूला बसावे. उपवास किंवा आयंबिल असेल त्या रात्री गायन, टाळ व व्यवस्था यांचा आनंद घ्यावा. देह खरोखर संकटात असेल तर पच्चक्खाणांतील आगारांचा विचार आपल्या गुरुजनांना विचारून आधीच करून ठेवावा. ऐन वेळी मनाची ओढाताण होत नाही.

घरचे उपाय : काय करावे, काय टाळावे

पोट दुखू लागल्यावर अंथरूण धरून राहणे हा उत्तम उपाय नव्हे. हलकी हालचाल, पंधरा-वीस मिनिटांचे सावकाश चालणे, घरातील नेहमीची कामे यांनी आखडलेपणा कमी होतो. उठताना सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातांनी अंग उचलावे. खोकला किंवा शिंक येणार असे वाटताच पोटावर उशी किंवा दोन्ही तळहात दाबून धरावेत; कळ निम्म्याने सुसह्य होते. कोमट पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावी, अथवा कोमट पाण्याने स्नान करावे. त्याने डागडुजीचा वेग फारसा वाढत नाही, परंतु आराम पडतो. मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी पिशवी फार गरम नाही हे दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावे.

अंग ताणण्याच्या व्यायामांविषयी फार आशा बाळगू नये. वैद्यकीय पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2011 साली याविषयीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा श्रमापूर्वी वा नंतर स्नायू ताणल्याने हे दुखणे फारच थोडे कमी होते, असे आढळले. हळुवार ताण सुखद वाटत असेल तर तो द्यावा. हिसके देऊ नयेत. 'दुखण्यावर अजून थोडे जास्त' या न्यायाने पोटाच्या बैठका काढणे तर सर्वथा टाळावे.

पोट चोळून घेण्याची व बेंबी बसवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. स्नायूंवर तेलाचा हलका हात फिरवण्यास हरकत नाही. परंतु पोटात बोटे खुपसून जोराने दाबणे धोक्याचे आहे. दुखणे स्नायूंचे नसून सुजलेल्या अपेंडिक्सचे किंवा अडकलेल्या हर्नियाचे असेल तर या दाबण्याने अनर्थ होऊ शकतो, आणि काही झाले नाही तरी शस्त्रक्रियेचे मोलाचे तास वाया जातात.

वेदनाशामक गोळ्यांबाबत विशेष सावधपणा हवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास जठराला व्रण पडू शकतो, रक्तस्रावही होऊ शकतो. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. उपवास, एकासना किंवा आयंबिलाच्या दिवशी दुकानातून मागवून घेतलेली गोळी म्हणूनच साधी समजू नये. रक्तदाबाची, मूत्रपिंडाची वा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर वैद्यांना विचारल्याखेरीज एकही गोळी घेऊ नये. हे दुखणे बहुधा गोळीविनाच सोसण्याजोगे असते.

डागडुजीला प्रथिने लागतात आणि ती शाकाहारी स्वयंपाकघरात विपुल आहेत. लातूरची डाळ ज्या प्रदेशातून देशभर जाते, तेथील घराने वरणाची वाटी पातळ करू नये. तूर, मूग, हरभरा, दूध, दही व पनीर यांपैकी काही ना काही दोन्ही जेवणांत असावे. घाम फार गेला असेल तर दिवसा घरीच जलसंजीवनी करता येते : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र तीही विचारूनच घ्यावी.

हे दुखणे स्नायूंचे नाही, हे कसे ओळखावे?

अमेरिकन शल्यचिकित्सक कार्नेट यांनी 1926 साली एक सोपी परीक्षा वर्णिली. ती आजही वैद्यकात शिकवली जाते. रुग्णाला उताणे निजवावे आणि जेथे अधिक दुखते त्या ठिकाणी हलकेच बोट ठेवावे. मग त्याला डोके व खांदे किंचित वर उचलण्यास सांगावे. पोट आवळल्यावर बोटाखालची वेदना वाढली तर दुखणे बहुधा भिंतीचे, म्हणजे स्नायूंचे. ती कमी झाली तर आतील अवयवाचा संशय घ्यावा. ही परीक्षा दिशा दाखवते, निर्णय देत नाही, निर्णय वैद्यांचाच.

पुढील खुणा दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. बेंबीभोवती सुरू झालेली वेदना काही तासांत उजवीकडे खाली सरकली, सोबत ताप, मळमळ वा उलटी असेल, तर अपेंडिक्सचा संशय येतो. जांघेत, बेंबीजवळ किंवा जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा आला आणि तो आत जात नसेल, तर तो अडकलेला हर्निया असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याच्या पोटावर एकाएकी कळ येऊन गाठ जाणवली, तर स्नायूंच्या आवरणात रक्त साचले असण्याची शक्यता असते. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि अंग कमालीचे दुखून अशक्तपणा आला, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडांत अडकू लागल्याचे ते चिन्ह असू शकते. पोट लाकडासारखे ताठ होणे, शौच व वायू बंद होणे, सतत उलट्या होणे याही तशाच गंभीर खुणा होत. गर्भवतीच्या पोटातील कोणतेही नवे दुखणे नाचावर ढकलू नये.

सर्वांत फसवी खूण हृदयाची आहे. चाळिशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याला बेंबीच्या वर, छातीखाली जडपणा वाटतो, घाम फुटतो, दम लागतो, आणि घरचे म्हणतात की पित्त झाले. मधुमेहींमध्ये व स्त्रियांमध्ये हृदयविकार असा पोटाच्या रूपाने प्रकट होणे दुर्मीळ नाही. 2023 च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना काही मृत्यू झाल्याच्या वार्ता आल्या, त्यानंतर तेथे गरबास्थळांनजीकच्या रुग्णालयांना सज्ज राहण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. स्नायूंचे दुखणे हालचालीने वाढते, दाबल्यावर नेमके सापडते आणि दुसऱ्या दिवशी येते. हृदयाचे दुखणे बहुधा श्रम चालू असताना येते, बोटाने दाखवता येत नाही आणि सोबत घाम व दम घेऊन येते. अशा वेळी नाच तत्काळ थांबवून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आणि लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. कोणते रुग्णालय जवळ आहे आणि वाट कोणती, हे आयोजकांना आधीच ठाऊक असावे. मंडपाच्या खर्चात फुलमाळांइतकीच तरतूद प्रथमोपचाराची व वाहन सोडण्याच्या मोकळ्या वाटेची व्हावी.

हप्ता आधी भरावा

या दुखण्यावर खरा उपाय ते येण्यापूर्वीचा आहे. एकदा सौम्य श्रम झाले की त्याच श्रमाने पुढील काही आठवडे स्नायू फार कमी दुखतो, हे प्रयोगांतून वारंवार दिसून आले आहे. पहिल्या रात्री व्याकूळ झालेली मंडळी नवव्या रात्री सहज नाचतात, त्याचे कारण हेच. तेव्हा घटस्थापनेच्या दोन-तीन आठवडे आधी, एक दिवसाआड पंधरा मिनिटांचा सराव सुरू करावा. संथ तालावर कंबरेतून वळण्याच्या फेऱ्या, भिंतीला पाठ लावून पोट आत ओढून धरणे, उताणे निजून गुडघे वाकवून केवळ डोके व खांदे उचलणे, एवढे पुरे. पहिल्या दिवशी पाच-सहा आवर्तने, मग हळूहळू वाढ. श्वास रोखू नये. जोर लावताना श्वास सोडावा. नुकतीच प्रसूती किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यांच्या अनुमतीवाचून यात पडू नये. चाळिशीपुढील व रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी त्याच सुमारास एकदा हृदयाची तपासणी करून घ्यावी.

मैदानात उतरल्यावरही पहिली दहा मिनिटे संथ चालीची असावीत आणि पहिल्या रात्री अर्ध्या तासावर समाधान मानावे. दुसऱ्या रात्री थोडे अधिक, तिसऱ्या रात्री आणखी थोडे. नऊ रात्रींची पुंजी पहिल्याच रात्री उधळणाऱ्यास उरलेल्या आठ रात्री कडेला बसून पाहाव्या लागतात. हप्त्याहप्त्याने खर्च करणारा दसऱ्याच्या सकाळी सोने वाटायला ताठ कंबरेने घराबाहेर पडतो.